वामनाची सत्ती हरवली आहे: ग्रंथालय, मेकरस्पेस आणि खेळांचा अभ्यास

बकुळीखाली

नमस्कार मंडळी. तळकोकणातल्या एका लहानशा कला-वाणिज्य महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या ग्रंथालयाला लागून एक खोली आहे. मोडक्या खुर्च्या, जुनी गॅझेटियरं आणि एक कैलासवासी झेरॉक्स मशीन असे तिघे तिथे वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. यंदा प्राचार्यांनी ठरवलं की या खोलीची मेकरस्पेस, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवायची जागा करायची. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून एक थ्रीडी प्रिंटर आला, दोन शिलाई मशिनं आली, ड्रिल आणि सोल्डरिंगचं सामान आलं. त्याच सुमारास इंग्रजीच्या एका तरुण मॅडमनी ओपन इलेक्टिव्हसाठी ‘गेम स्टडीज’चा दोन क्रेडिटचा पेपर मांडला. बैठकीत कोणीतरी विचारलंच, “म्हणजे मुलांना रमी शिकवणार का?” हसाहशी झाली, आणि शेवटी असं ठरलं की दोन्ही गोष्टी ग्रंथालयाशी जोडून घ्याव्यात. म्हणजे माझ्याशी.

आता खरी गोम. त्याच आठवड्यात एका जुन्या घरातून पुस्तकांची देणगी आली. पोथ्यांखाली पत्र्याचा डबा, आणि डब्यात दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुने पत्ते! गोल, लाखेचा मुलामा दिलेली पानं. कडा थोड्या उडाल्यात, पण रंग अजून असे की हात लावायला भीती वाटावी. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे १२० हवीत. तीनदा मोजली, ११८ भरली. वामनाची सत्ती आणि परशुरामाची दुर्री नाही.

मुलं म्हणतात, प्रिंटरवर दोन पानं काढू आणि खेळू. मला सुचत नाहीये की हा डबा दाखल नोंदवहीत चढवू, डेडस्टॉक रजिस्टरला घालू की कपाटात कुलपात ठेवून गप्प बसू. कोणी असं काही केलं आहे का?

मालवणी मसालो

खेळ खेळाक कॉलेजात कित्याक जावचा गो बाय? आमी आंब्याच्या झाडाखाली फुकट खेळलव. क्रेडिट कोणी दिल्यान नाय, फक्त आवशीन पाठीत दिल्यान.

दशांश

बकुळताई, मी निवृत्त ग्रंथपाल. चौतीस वर्षं देवघेवीच्या खिडकीमागे काढली, तेव्हा थोडं लांबण लावलं तर चालवून घ्या.

आधी एक आठवण करून देतो. आपल्या ग्रंथपालांचे सगळ्यांचे गुरू रंगनाथन. १९२४च्या सुमारास लंडनला शिकत असताना तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हा जोडणीचा खेळ पाहिला. तेच नट-बोल्ट आणि त्याच पट्ट्या, पण मूल दरवेळी नवं यंत्र उभं करतं. तोवरच्या वर्गीकरणात प्रत्येक विषयाला आधीच एक घर ठरवून दिलेलं असे. यांनी म्हटलं, घरं नकोत, सुटे भाग द्या आणि जोडायला खूण द्या. त्यातून १९३३ साली कोलन क्लासिफिकेशन ही पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत आली, आणि त्यातला तो विसर्गासारखा कोलन म्हणजे मेकॅनोचा बोल्ट. ग्रंथालय, हातकाम आणि खेळणं यांचं लग्न लावायला निघालाय म्हणता, ते लग्न आपल्या शास्त्रात कधीच लागून गेलंय. आपल्याला फक्त वरात काढायची आहे.

आता नोंदीचं. डेडस्टॉकला अजिबात घालू नका. डेडस्टॉकला गेलेली वस्तू फक्त पडताळणीच्या दिवशी बाहेर येते. दाखल नोंदवहीत एकच दाखल क्रमांक द्या, शेऱ्यात ‘११८ नग, २ कमी’ लिहा आणि कमी असलेली पानं नावानिशी नोंदवा. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात पत्त्यांना ७९५.४ आहे, तिथे सुखाने बसेल. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर वेगळा आयटम टाइप करा. पुस्तकाची पानं आपण देताघेता मोजत नाही, पण इथे मोजावी लागतील. म्हणून डब्याच्या झाकणाला आतून यादी चिकटवा. लॉस एंजेलिसच्या परगण्यात १९३५पासून खेळणी वाचनालयासारखी घरी नेऊ देतात. तिथे जमतं तर आपल्याकडे का जमू नये?

पान्हा_दहा

प्रिंटरबद्दल मी बोलतो, कारण एक प्रिंटर मी पावसाळ्यात मारलेला आहे.

पीएलएचं, म्हणजे प्रिंटरच्या प्लास्टिक धाग्याचं रीळ हवेतली ओल पितं. मिरग लागला की आठ दिवसांत नोझलमधून तडतड आवाज यायला लागतो आणि छापलेल्या वस्तूला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. पोरांना वाटतं मशीन बिघडलं. मशीन ठणठणीत असतं, रीळ भिजलेलं असतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल ही पहिली खरेदी. दुसरी खरेदी यूपीएस. चार तासांचं काम साडेतीन तासांनी लाईट गेल्यावर कचऱ्यात जातं, आणि आपल्याकडे लाईट कधी जाते ते सांगायला नको.

पण खरं सांगू का, सुरुवात प्रिंटरने करूच नका. मी पाबळला विज्ञान आश्रमात काही महिने होतो. डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेली जागा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपल्या आवाराबाहेर ज्या पहिल्या फॅबलॅब, म्हणजे वस्तू बनवायच्या कार्यशाळा उभारल्या त्यांतली एक तिथली, २००२ची. तिथे मी काय शिकलो, तर माप घेणं. पट्टीवर शून्य कुठून सुरू होतं हे ज्याला कळत नाही त्याला लेझर कटर देऊन उपयोग नाही. कानस, करवत, व्हर्निअर आणि सुईदोरा यांवर एक महिना काढा. शिलाई मशिनं आलीत हे उत्तम झालं.

खाडीपलीकडचा

चिपळूणहून. एकच मुद्दा. खोली तळमजल्यावर आहे का? असेल तर सामान कमरेच्या वर ठेवा. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, १८६४ची संस्था, २००५चा पूर पाहिला आणि २२ जुलै २०२१चाही. भिजलेलं पुस्तक हातात घेतल्यावर त्याला वजन किती येतं ते ज्याने उचललंय त्यालाच ठाऊक. बाकी चर्चा चालू द्या, वाचतोय.

सोंगटी

वा, शेवटी आमचा विषय! माझं मूळ वेंगुर्ला, सध्या मुंबईत, संशोधन खेळांवर. लग्नात कोणी विचारलं की ‘मीडिया’ सांगून सुटते.

बकुळताई, मुलांना थांबवा. प्रिंटरवर काढलेल्या दोन पानांनी तो खेळ खेळताच येणार नाही. गंजिफात पानाची पाठ एकरंगी असते. एका पानाची पाठ जरा जास्त चमकली, जाडी अर्ध्या मिलिमीटरने चुकली, टेकवताना वेगळा आवाज झाला, की खेळणाऱ्या तिघांनाही कळलं वामनाची सत्ती कोणाच्या हातात आहे. खेळायला बदली पान हवं असेल तर ते मागून मूळ पानासारखंच दिसलं पाहिजे, पुढून थोडं वेगळं असलं तरी चालेल.

आणि जतन करणाऱ्यांचं शास्त्र नेमकं याच्या उलट सांगतं. दुरुस्ती जवळून पाहिल्यावर ओळखू आली पाहिजे, आणि उद्या काढावीशी वाटली तर मूळ वस्तूला धक्का न लावता निघाली पाहिजे. तुमच्या खोलीत या दोन शास्त्रांची मारामारी लागली आहे. माझ्या मते तुमचा दोन क्रेडिटचा पेपर इथेच सुरू होतो.

बकुळीखाली

अगं, हे मला सुचलंच नव्हतं! मग करायचं काय?

सोंगटी

मूळ डबा तसाच ठेवा, ११८चा ११८. त्याची नीट छायाचित्रं काढा आणि खेळण्यासाठी पूर्ण १२० पानांची नवी जोडी तुमच्या खोलीतच करा. मांजरपाट, चिंचोक्याची खळ, खडूची भुकटी, वर रंग आणि रोगण. एकट्याने करायला गेलात तर वर्ष जाईल. चाळीस मुलं असतील तर प्रत्येकी तीनच पानं येतात. सावंतवाडी तुम्हाला काही लांब नाही. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला बुडता बुडता वाचवली, आणि राजवाड्यात आजही पानं रंगवतात. मुलांना एकदा नेऊन नुसतं बसवा. ब्रश किती केसांचा आहे ते बघू द्या.

आणि पानं झाली की खेळा! नाहीतर आपल्याकडे गंजिफा म्हणजे दिवाणखान्यात फ्रेम करून लावायची वस्तू झाली आहे. तिघांचा खेळ, प्रत्येकाला चाळीस पानं, हुकूम नाही. दिवसा खेळत असाल तर उतारी रामाच्या राजाकडे, रात्री कृष्णाच्या. राजा आणि प्रधान सगळीकडे वर, पण त्याखाली निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का धाकटा, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी शेवटी. मोबाईलवर वाढलेली पोरं पहिल्या तासाला रडकुंडीला येतात. कोणती पानं पडली हे लक्षात ठेवल्याशिवाय एक हात होत नाही.

दापोलीकर_आई

मध्येच बोलते, माफ करा. मुलगा बारावीला आहे. ‘गेम स्टडीज’ हे नाव वाचून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने मोबाईलवरच्या पैशांच्या खेळात वडिलांचे आंब्याचे पैसे घालवलेत. २०२५मध्ये कायदा करून ते खेळ बंद केले म्हणतात, पण गेलेले पैसे काही आले नाहीत. यात तसलं काही नाही ना?

सोंगटी

ताई, भीती रास्त आहे, उडवून लावण्यासारखी नाही. उलट तो मुलगा का अडकला हेच या विषयात शिकवतात. दर काही डावांनी थोडंसं जिंकू देणं, ‘अगदी थोडक्यात हुकलं’ असं दाखवणं, हे सगळं कोणीतरी कागदावर आखलेलं असतं. स्वतः एकदा खेळ आखून पाहिला की ती आखणी डोळ्यांना दिसायला लागते.

बाकी विषय म्हणाल तर तसा तरुण आहे. २००१मध्ये त्याचं स्वतंत्र नियतकालिक निघालं, तेव्हापासून विद्यापीठांत त्याला खुर्ची मिळाली. त्याआधी १९५८मध्ये रॉजर काय्वा या फ्रेंच विचारवंताने खेळांचे चार गट पाडले होते: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. मी वर्गात हे कोकणातूनच शिकवते. स्पर्धा म्हणजे आट्यापाट्या. दैव म्हणजे कवड्या. सोंग म्हणजे शिमग्यातला संकासूर. आणि भोवळ म्हणजे? फुगडी! जिंकायचं काही नाही, नुसतं गरगरायचं. फ्रेंच विद्वानापर्यंत जायला आमच्या आजीला एक मंगळागौर पुरे झाली असती.

उंबरठा

हे लिबरल आर्ट्‌स, मेकरस्पेस वगैरे सगळं अमेरिकेतून आलेलं खूळ आहे. पाच वर्षांनी खोलीत परत मोडक्या खुर्च्या जातील. लिहून ठेवा.

आणि सापशिडी ज्ञानेश्वर माउलींनी केली हे यांना कोणी सांगितलं आहे का?

कातळ

खुर्च्यांबद्दल तुमचं म्हणणं खरं ठरू शकतं, मी पाहिलेलं आहे. शाळांना २०१६पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी वीस लाखांपर्यंत मिळतात, आणि काही ठिकाणी ते खोके पाहुणे आल्यावरच उघडतात. ते का, याचा विचार व्हायला हवा.

पण अमेरिकेतलं खूळ? वात्स्यायनाची चौसष्ट कलांची यादी काढून बघा. पुस्तकवाचन आहे, तक्षण म्हणजे सुतारकाम आहे, वेताचं विणकाम आहे, द्यूतविशेष आहे, आकर्षक्रीडा म्हणजे फाशांचा खेळ आहे, आणि बालक्रीडनकं म्हणजे मुलांची खेळणीसुद्धा आहेत. प्रतिमाला तर आपली अंताक्षरी. सगळं एकाच यादीत, शेजारी शेजारी. वाचणारे वरच्या आळीत आणि लाकूड कापणारे खालच्या आळीत ही वाटणी आपण केली, आणि तिच्या मागे काय आहे हे तुम्हाआम्हाला चांगलं ठाऊक आहे. गंजिफा रंगवणारे चितारी, पिंगुळीत चित्रकथी सांगणारे ठाकर, यांना कोणत्या महाविद्यालयाने कधी वर्गात बोलावलं? परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे आमच्या स्टाफरूममध्ये पिंगुळीचं नाव निघालं. पिंगुळी काय चंद्रावर आहे?

सापशिडीचं: मोक्षपट आपल्याकडे खेळला जायचा, जुने पट उपलब्ध आहेत, शिडी म्हणजे पुण्य आणि साप म्हणजे पाप हेही खरं. पण माउलींनी तो रचला याला ठोस पुरावा नाही. परंपरा म्हणून सांगा, इतिहास म्हणून नको.

उंबरठा

पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही असं होत नाही.

कातळ

मान्य. घडलंच असंही होत नाही.

दशांश

मंडळी, धागा गंजिफाचा आहे. माउलींना जरा विश्रांती द्या.

कातळ

क्षमस्व काका. मूळ मुद्द्यावर येतो. मी रत्नागिरी जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकवतो आणि गेल्या वर्षी एक प्रयोग केला, तो सविस्तर सांगतो.

आपण लहानपणी ‘व्यापार’ खेळलो. त्याच्या मुळाशी एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईचा खेळ आहे, अमेरिकेत १९०४मध्ये पेटंट घेतलेला. जमीनमालक बसल्या जागी भाडं खातो आणि बाकीचे कंगाल होतात हे लोकांना दिसावं म्हणून तिने तो केला. तिच्याकडे दोन प्रकारचे नियम होते. एकात एकजण सगळ्यांना गिळतो, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा मिळतो. पट तोच! जगाने पहिला नियम उचलला आणि दुसरा विसरला. हे वर्गात सांगितल्यावर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, मग आपण मासळीचा करू.”

तर आम्ही रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याचा खेळ केला. पट म्हणजे जुन्या साडीचा तुकडा. मासे म्हणून करवंटीच्या चकत्या, कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. बांगडा, पेडवा, तारली, सुरमई असे चार रंग. पाच गट, प्रत्येकाला होडी आणि जाळं. दर फेरीत जितकं ओढाल तितकं तुमचं, आणि समुद्रात उरलेल्या चकत्यांच्या निम्म्या चकत्या नव्याने टाकायच्या. तिसऱ्या फेरीत समुद्र रिकामा. मुलं म्हणाली, “सर, खेळ बिघडलाय.” मी म्हटलं, खेळ बरोबर चाललाय. (डेनिस मेडोज यांचा फिशबँक्स नावाचा खेळ याच तत्त्वावर आहे. तो मी मुद्दाम आधी दाखवला नाही.)

मग एक मुलगा उठला. घरची होडी आहे. म्हणाला, “सर, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती फेरी कुठाय?” आम्ही बंदीची फेरी घातली. मासळी टिकली. दुसरा म्हणाला, “बंदी आपल्याला, बाहेरच्या मोठ्या बोटी येतात त्यांचं काय?” तीही घातली. मग पर्ससीन, म्हणजे मासळीचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं घातलं. त्यावरून वर्गात अशी जुंपली की शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून गेले. शासनाने २०१६मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले तो निर्णय मुलांनी शोधून आणला आणि ओळ न् ओळ वाचला. इतर वेळी शासन निर्णय वाचा म्हटलं तर तोंडं बघण्यासारखी होतात. इथे कोणाची चकती कोणाला जाणार हे त्यातल्या एका ओळीवर ठरत होतं ना!

रापणीत ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा असतो, म्हाताऱ्यालाही. तो नियम खेळात कसा बसवायचा यावर आम्ही दोन तास घालवले, अजून बसलेला नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९चं नोबेल ज्या विषयावर मिळालं, म्हणजे सामायिक मालमत्ता लोक मिळून कशी सांभाळतात, तो विषय मी त्या दोन तासांत शिकवून टाकला, आणि पोरांना पत्ताही लागला नाही.

मालवणी मसालो

ह्या मात्र बेस्ट. माझ्या बापाशीच्या रापणीचो वाटो मोजूक या पोरांका बोलवूक व्हया होता.

पान्हा_दहा

करवंटीच्या चकत्या हे एक नंबर. करवंटी कापताना डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडकं लावा, भुसा फार बारीक उडतो.

आणि उंबरठा यांनी खुर्च्यांचं म्हटलं त्यावर: खोली बंद पडते कारण तिथे करण्यासारखं काम नसतं. ‘या, काहीतरी नवीन बनवा’ म्हटलं की सगळे किल्ल्यांच्या जुडग्यासाठी नावाचा बिल्ला बनवतात आणि संपलं. ग्रंथालयाने खेळ घरी द्यायला सुरुवात केली की सोंगट्या हरवणार, पट फाटणार, डबे मोडणार. दर आठवड्याला दुरुस्तीचं काम आपोआप येणार. खोली जिवंत ठेवायला याच्यासारखा उपाय नाही.

सोंगटी

पान्हा_दहा +१. परदेशात सार्वजनिक ग्रंथालयात मेकरस्पेस आली ती २०११मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या फेएटव्हिल नावाच्या लहान गावात. हेलसिंकीचं २०१८चं ऊडी ग्रंथालय तर लोक शिलाई मशिनं वापरायला गाठतात. तरी मला आपल्या रत्नागिरीचं १८२८चं नगर वाचनालय किंवा सावंतवाडीचं १८५२चं श्रीराम वाचन मंदिर अशा ठिकाणी हे व्हावं असं वाटतं. महाविद्यालयात फक्त विद्यार्थी येतात. वाचनालयात सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा असतात, आणि जुन्या खेळांचे नियम त्यांच्याच डोक्यात आहेत.

बकुळीखाली

सगळ्यांचे आभार. बरेच दिवसांनी लिहितेय, मध्ये परीक्षा होत्या.

मूळ डबा दाखल झाला, ११८ नग, दशांश काकांनी सांगितलं तसाच. खेळायची जोडी करायला अडीच महिने लागले. खळ दोनदा आंबली, पावसात पानं वाळेनात, शेवटी कॅन्टीनच्या मावशींनी चुलीवरच्या मांडवात ठेवून दिली. थोडा धुराचा वास आहे, पण १२०ही पानांना सारखाच आहे, म्हणजे सोंगटीच्या कसोटीला उतरतोय! प्रिंटरचा उपयोग एकच झाला, पान गोल कापायचा साचा.

वर्कलोड कोणत्या विषयाचा यावर दोन विभागांत अजून पत्रव्यवहार चालू आहे. त्याबद्दल लिहित नाही, रक्तदाब वाढतो.

तर आता नवा प्रश्न. जोडी आठ दिवसांसाठी घरी द्यायला सुरुवात केली. गेल्या सोमवारी एक मुलगा डबा घेऊन आला. यादीप्रमाणे मोजायला बसले, तर १२१ भरली. वामनाच्या दोन सत्त्या! विचारलं तर मान खाली. घरी एक पान सापडेना म्हणून घाबरून रात्री जागून नवीन केलं. मांजरपाट आईकडून, चिंचोके शेजारून, धूर घरच्याच चुलीचा. आणि सकाळी मूळ पान धाकट्या बहिणीच्या दप्तरात मिळालं.

मी दोन्ही पानं उलटी करून टेबलावर ठेवली. त्यालाही ओळखता आलं नाही, मलाही नाही. काका, हे एकशे एकविसावं पान नोंदवहीत कुठे घालू?

दशांश

देणगी म्हणून घ्या. देणगीदाराच्या रकान्यात त्याचं नाव पूर्ण लिहा. आणि त्याला दंड लावला असेल तर परत करा.